दाखल्यामागची नोंद

जन्म, विवाह, घटस्फोट आणि मृत्यू या माणसाच्या आयुष्यातील मोठ्या घटना. घरात त्यांची आठवण तिथीवरून, सणावरून किंवा एखाद्या दुष्काळावरून ठेवली जाते. ‘थोरला दुष्काळाच्या साली झाला’ एवढे सांगितले की घरात भागते. कचेरीत भागत नाही. वारसाहक्क, निवृत्तिवेतन, पारपत्र, जातपडताळणी अशा प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात आणि मग धावपळ सुरू होते. या धावपळीत एक साधी गोष्ट विसरली जाते. दाखला हा कोणत्या तरी नोंदवहीतील एका नोंदीचा उतारा असतो. नोंद सापडली की दाखला मिळतो. नोंदच नसेल तर टेबलापुढे कितीही वेळ उभे राहून उपयोग नाही. म्हणून दाखला कोठे मिळेल हे विचारण्याआधी नोंद कोणी, कोठे आणि केव्हा केली असेल, हे विचारावे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रापुरता हा विचार करावयाचा आहे.

घटना जेथे, नोंद तेथे

जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा आजचा आधार म्हणजे १९६९ चा जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम. त्यापूर्वीचा १८८६ चा कायदा नोंदणीची सक्ती करणारा नव्हता. १९६९ च्या कायद्याने ती सक्ती आणली. नोंद होते ती घटना घडलेल्या ठिकाणी. कुटुंब कोठे राहते याचा तिच्याशी संबंध नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. घर सोलापुरात आणि माहेर बार्शी तालुक्यातील एखाद्या खेड्यात असेल, बाळंतपणही तेथेच झाले असेल, तर मुलाची नोंद त्या खेड्याच्या ग्रामपंचायतीत असणार. सोलापूर महानगरपालिकेत वर्षभर खेटे घातले तरी ती सापडणार नाही. तसेच साताऱ्याचा रुग्ण पुण्याच्या रुग्णालयात वारला तर मृत्यूची नोंद पुण्यातच होते. धावत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाला, तर वाहन पुढे जेथे प्रथम थांबेल तेथे ती नोंदवावी, असा नियम आहे.

खेड्यात ग्रामपंचायत (आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत आलो ते अधिकारी) आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका हे काम करते. रुग्णालयातील घटना तेथील प्रमुखाने कळवावयाची असते, घरातील घटना कुटुंबप्रमुखाने. मुदत एकवीस दिवसांची. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून, तर वर्षाच्या आत ठरलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने नोंद होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हा अधिकार पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता. २०२३ च्या दुरुस्तीने तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. अशा वेळी आधी ‘नोंद आढळत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा लागतो. रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा तो कागद मागून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

रिकामा रकाना आणि १ जून

नोंद पुष्कळदा बारशाआधीच होते. त्यामुळे वहीत आईबापांची नावे, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. नावाचा रकाना रिकामा राहतो. नाव नंतर नोंदविण्याची सोय कायद्यात आहे. मात्र पालकांनी ती वेळीच वापरली पाहिजे. जुनी नोंद शोधताना म्हणूनच मुलाच्या नावापेक्षा वडिलांचे नाव, गाव आणि साल सांगणे उपयोगी पडते.

दुसरा घोळ शाळेच्या दाखल्याचा. मागच्या पिढ्यांतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये भरते; तेव्हा मूल सहा वर्षांचे दिसावे म्हणून गुरुजींनी मागे मोजून ती तारीख लिहिली. पुढे तीच तारीख सगळीकडे गेली. आता १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पारपत्र इत्यादींसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरतो. गुरुजींच्या अंदाजाला यापुढे जागा राहिली नाही.

नोंदीत चूक निघाली तर? मूळ मजकूर खोडायचा नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने सही व तारीख घालावी, असे कायदा सांगतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करावयाचे नाही, असेही बंधन आहे.

जुनी दप्तरे

१९६९ च्या कायद्यापूर्वीच्या खेड्यातील जन्म-मृत्यूच्या नोंदी ‘कोतवाल बुक’ किंवा ‘गाव नमुना १४’ या नावाने ओळखल्या जातात आणि सामान्यतः तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. त्यांत जातीचा उल्लेख असल्याने जातपडताळणीत त्यांना मोठे मोल आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे हात थोडे आहेत. इतिहास आणि मराठी घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकावी, यासाठी याहून सबळ कारण कोणते सांगावे?

विवाह आणि घटस्फोट

लग्नपत्रिका, फोटो आणि गावजेवण यांनी लग्न साजरे होते, पण सरकारदरबारी नोंदले जात नाही. महाराष्ट्रात १९५३ पासून विवाहनोंदणीचा कायदा होता. आज १९९८ चा अधिनियम लागू आहे. त्यानुसार वधूवर आणि साक्षीदार यांच्या सह्यांचे ज्ञापन विवाह निबंधकाकडे द्यावयाचे असते. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीतच होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील लग्न मात्र विवाह अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर होते. त्याचा दाखलाही तेथेच मागावा. १४ फेब्रुवारी २००६ रोजी ‘सीमा विरुद्ध अश्विनीकुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. केवळ नोंदणीने विवाह कायदेशीर ठरत नाही, पण पुरावा म्हणून तिचे महत्त्व फार, असेही न्यायालयाने म्हटले. नवऱ्याने टाकलेल्या बाईला पोटगी मागताना ‘मी याची बायको आहे’ हेच आधी सिद्ध करावे लागते. तेव्हा वहीतली ती एक नोंद तिच्या बाजूने उभी राहते.

घटस्फोटाची तऱ्हा वेगळी. त्याचा दाखला ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका देत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हाच पुरावा. कुटुंब न्यायालय असेल तेथे ते, नसेल तेथे दिवाणी न्यायालय हा हुकूमनामा देते. हिंदू विवाह कायद्यानुसार दोन्ही पक्षांना त्याची एक प्रत विनामूल्य मिळते. ती हरवली तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. त्यासाठी पक्षकारांची नावे, दाव्याचा क्रमांक आणि वर्ष माहीत हवे. पारशी विवाहांत मात्र न्यायालय हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवते आणि तो तिची नोंद करतो. काही समाजांत पंचांपुढे काडीमोड होते, स्टँपपेपरवर अंगठे उठतात. रूढी सिद्ध झाली तर हिंदू विवाह कायदा ती मानतो. परंतु सिद्ध करण्याचे ओझे तिचा आधार घेणाऱ्यावर असते. पुन्हा लग्न करू पाहणाऱ्या स्त्रीला हे ओझे फार जड जाते.

आपण काय करावे

अर्ज करताना घटनेचे ठिकाण, तारीख किंवा निदान साल आणि आईवडिलांची पूर्ण नावे सोबत ठेवावीत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली जन्म, मृत्यू व विवाहाचे दाखले ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. न मिळाल्यास अपील करता येते. मुदत मोजली जाते ती पोचेवरील तारखेपासून.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातली एक दुपार गावच्या नोंदवहीसाठी द्यावी. कोणाच्या मुलीचे नाव रिकाम्या रकान्यात अडकले आहे, कोणत्या विधवेजवळ नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही, कोणते लग्न नोंदवायचे राहिले आहे, हे घरोघर विचारावे आणि अर्ज लिहून द्यावा. मुलीची खरी जन्मतारीख वहीत असेल तर तिचे लग्न अठराच्या आत उरकू पाहणाऱ्यांना ‘ती सज्ञान आहे’ असे सहज म्हणता येत नाही. ज्यांना लिहिता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी लिहावे. शिक्षणाचा एवढा उपयोग तर आपल्या हाती आहेच.