वेळेवरचें मरण

वरळींत ठिकठिकाणीं देशी बदामाचीं झाडें आहेत. त्यांचीं पानें लालभडक होऊन गळतात, तेव्हां वाऱ्यानें पान तोडिलें असें आपण म्हणतों. परंतु वारा हें निमित्त मात्र होय. त्यापूर्वींच पानांतील हरितकण मोडून त्यांतील नत्रादि द्रव्यें फांदीकडे परत गेलेलीं असतात, आणि मगच देठ सुटतो. पेशींच्या अशा ठरल्या क्रमानें येणाऱ्या मरणास नियोजित पेशीमृत्यु म्हणतात. १९७२ सालीं केर, वायली व करी यांनीं प्राण्यांच्या पेशींतील अशा मरणास ‘अपॉप्टोसिस’ हें ग्रीक नांव दिलें. त्याचा मूळ अर्थ पानें गळणें असाच आहे!

या मरणांत ज्यांचा मोठा हात असतो, त्या पेशींतील सूक्ष्म घटकांस तंतुकणिका अथवा मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. हें नांव कार्ल बेंडा यांनीं १८९८ सालीं दिलें. तंतुकणिका म्हणजे पेशीची चूल. अन्नांतील शक्ति त्या पेशीच्या कामीं लावितात. बदामाच्या पानांत हरितकण मोडल्यावरहि ही चूल बराच काळ पेटती असते, कारण निरवानिरव करावयासहि शक्ति लागते.

परंतु चूल बिघडली तर घरास धोका. तंतुकणिकेचें कार्य बिघडलें म्हणजे प्राणवायूचीं दाहक रूपें वाढतात, आणि कधीं कधीं तिच्यांतून सायटोक्रोम-सी नांवाचें प्रथिन बाहेर पडतें. प्राण्यांत हें प्रथिन बाहेर येतांच कॅस्पेस नांवाचीं विकरें जागीं होऊन कातरीप्रमाणें पेशींतील प्रथिनें कापूं लागतात. वनस्पतींत हीं विकरें नाहींत. त्यांच्याशीं दूरचें नातें असलेलीं दुसरीं आहेत. शिवाय वनस्पतींच्या पेशींत रसानें भरलेली मोठी पोकळी असते. ती फुटली कीं आंतील पाचक रस पेशीस विरघळवितो.

याचा आपल्या ताटांतील भाताशींहि संबंध आहे. दादरहून लोकलनें कर्जतला जातां येतें. तेथील कृषि संशोधन केंद्रांत तयार झालेलें ‘सह्याद्रि’ हें संकरित भात १९९८ सालीं शेतकऱ्यांकरितां प्रसारित झालें. भाताच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर असल्यामुळें त्यावर बहुधा स्वतःचेच पराग पडतात. संकर करावयाचा तर मातेकडील पराग निकामी हवेत. आणि शेतांतील लाखों फुलांचे पुंकेसर हातानें कोण काढील? म्हणून ज्याचे पराग मुळांतच निकामी आहेत, असा वाण माता म्हणून घेतात. ‘सह्याद्रि’च्या मातेकडील हा गुण चीनच्या हैनान बेटावर १९७० सालीं सांपडलेल्या एका रानभाताच्या रोपापासून आला आहे.

ते पराग निकामी कां, याचा उलगडा २०१३ सालीं झाला. परागकोशाच्या आंत पेशींचें एक अस्तर असतें. तें वाढत्या परागांस पोसतें, आणि काम पुरें होतांच मरून आपलें द्रव्यहि त्यांस देतें. या भाताच्या तंतुकणिकांत एक विचित्र प्रथिन तयार होतें. तें तंतुकणिकेच्याच एका उपयोगी प्रथिनास अडवितें. दाहक द्रव्यें वाढतात, सायटोक्रोम-सी बाहेर पडतें, आणि अस्तर अकालीं मरतें. मग पोरके पराग उपाशी राहून वांझ होतात.

तंतुकणिका मातेकडूनच येतात, म्हणून हा दोष संकरित बियांतहि उतरतो. यास्तव पिता असा निवडतात कीं त्याचीं जनुकें त्या प्रथिनास आवर घालतील. नाहीं तर शेतकऱ्याच्या हातीं पोकळ लोंब्या येतील. मात्र संकराचे गुण पुढील पिढींत टिकत नाहींत, म्हणून दरवर्षीं नवें बीं विकत घेण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो, हेंहि विसरतां कामा नये.

मुलांनो, मरण तेंच. अस्तरास तें वेळेवर आलें तर परागांचें पोषण, आणि अवेळीं आलें तर वंध्यत्व. निर्माणकर्त्यानें लहानशा पेशीसहि आपलें काम व आपली घटका नेमून दिली आहे. पुढच्या वेळीं बदामाचें लाल पान वहींत ठेवाल, तेव्हां तें आपल्याजवळचें देऊन मगच गळलें आहे, याची आठवण ठेवा.