डब्ल्यूपीसी डेक किती वर्षं टिकतो? कोटेशन देण्याआधी एवढं वाचा

टेरेस, कॅफे, रिसॉर्टची कामं घेणाऱ्या प्रत्येकाला पार्टी एक प्रश्न विचारतेच, "हा डेक किती वर्षं टिकेल?" आणि आपण ब्रोशर पुढे करून मोकळे होतो, "पंचवीस वर्षं, साहेब!" हे उत्तर कसं महागात पडतं, ते आज बघू.

माझ्या बॅचमधल्या एका फॅब्रिकेटरने अलिबागजवळ एका होमस्टेचा डेक केला होता. तिसरा पावसाळा संपला आणि मालकाचा फोन आला, "डेक हलतोय." फळ्या उचलून बघितल्या तर त्या ठणठणीत! खालचा लोखंडी सांगाडा मात्र वेल्डिंगच्या जागी गंजून गेलेला. वॉरंटी होती ती फळीची, डेकची नव्हे. नवा सांगाडा, मजुरी, सगळं त्याच्या खिशातून गेलं.

म्हणून पहिला धडा: फळीचं आयुष्य वेगळं, डेकचं आयुष्य वेगळं.

1. फळी कोणती?
डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. साध्या फळीत भुसा उघडा राहतो. तो पाणी ओढतो, मग रंग उडतो, डाग पडतात, बुरशी धरते. अशी फळी साधारण 10 ते 15 वर्षं धरा. कॅप्ड फळीवर प्लास्टिकचं कवच असतं. नीट बसवली तर ती 25 वर्षं आणि पुढेही जाते. पण कवच चारही बाजूंनी आहे की फक्त वरून, हे सप्लायरला विचारा. पोकळ फळी असेल तर कापलेल्या टोकाला एंड कॅप लावाच.

2. सांगाडा कशाचा?
खरी मेख इथे आहे. समुद्राजवळ एमएस पाईपला रेड ऑक्साइडचा एक हात मारून भागत नाही. गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियम सेक्शन घ्या. क्लिप आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, किनाऱ्यावर 316 ग्रेडचे. सपोर्टमधलं अंतर कंपनी सांगेल तेवढंच ठेवा, बहुतेक वेळा 300 ते 400 मिमी. पाईप वाचवायला अंतर वाढवलंत, तर उन्हात मऊ पडलेली फळी मधोमध झोल खाणार.

3. खाली हवा आणि पाण्याला वाट आहे का?
स्लॅबला दर मीटरला किमान 1 सेंटिमीटर उतार हवा. सांगाडा पाण्याच्या वाटेत आडवा टाकू नका. खाली ओल कोंडली की शेवाळ, वास आणि गंज, तिन्ही पाहुणे मुक्कामालाच येतात.

4. उन्हासाठी फट सोडली का?
फळी उन्हात लांबते. 3 मीटरची फळी हिवाळ्यातल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर वाढू शकते. भिंतीला घट्ट बसवलीत तर ती फुगून उचलणारच. किती फट सोडायची ते कंपनीच्या तक्त्यात बघा.

5. झाडलोट कोण करणार?
फटींतला पाला काढणं, साबणाच्या पाण्याने धुणं, एवढं पुरतं. तारेचा ब्रश बंद! पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पाहणी करा.

आता कोटेशन कसं लिहायचं?
"डेक, 25 वर्षं वॉरंटी" असं एका ओळीत लिहू नका. तीन ओळी करा:

- फळी: कंपनीची वॉरंटी, कंपनीच्या अटींनुसार.
- सांगाडा आणि फिटिंग: आमची जबाबदारी, अमुक वर्षं.
- वार्षिक देखभाल: वेगळा दर.

कंपनीच्या अटीही वाचून घ्या. हॉटेल-कॅफेसाठी वॉरंटीची मुदत बऱ्याचदा घरापेक्षा कमी असते आणि फळी बदलायची मजुरी सहसा त्यात नसते. हे पार्टीला आधीच सांगा. दर थोडा चढा दिसेल, एखादं काम हातचं जाईलही. पण तिसऱ्या पावसाळ्यानंतर येणारा तो फोन वाचेल. शिवाय तिसऱ्या ओळीमुळे दरवर्षी त्याच गिऱ्हाईकाकडे पुन्हा जायचं कारण मिळतं. धंदा तिथूनच वाढतो.

गृहपाठ: तुमचं शेवटचं कोटेशन काढा आणि वरच्या तीन ओळींत पुन्हा लिहा. सांगाड्याच्या ओळीपुढे किती वर्षं लिहायची हिंमत होते, ते प्रामाणिकपणे बघा. तेवढंच तुमच्या डेकचं खरं आयुष्य!

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर काम चोख, हिशेब रोख!