पाळी चुकली, कुठं जाऊ?

प्रश्न : वय २३, जांब समर्थला राहते. ऊसतोडीहून परतले तशी पाळी चुकली आहे. अंगावरून पांढरं जातं, खाजही येते. आशाताईंना सांगितलं तर गावभर होईल का?

उत्तर : ताई, आशाताईंकडे गरोदरपण तपासायचं ‘निश्चय’ किट मिळतं. तिथं संकोच वाटत असेल तर मेडिकलमधून तसंच दुसरं किट आणा. सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब पट्टीच्या खाचेत टाका, पाच मिनिटं थांबा. दुसरी रेघ फिकट असली तरी दिवस गेलेत असं धरा. एकच आली तर आठवड्यानं पुन्हा तपासा. ओटीपोटात एका बाजूला कळ, रक्तस्राव किंवा भोवळ आली, तर मात्र थांबू नका. लगेच घनसावंगीचं ग्रामीण रुग्णालय किंवा जालन्याचं स्त्री रुग्णालय गाठा.

पांढरं जाण्यात लाजण्यासारखं काही नाही, बहुधा औषधानं बरं होतं. पाळी चुकल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, गोळ्या त्यावर ठरतात. कधी नवऱ्यालाही उपचार लागतात. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, तीही करून घ्या.

मूल नको असेल तर परस्पर गोळ्या आणून खाऊ नका, त्यात बायका जिवावर बेतेपर्यंत रक्त गमावतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत गर्भपातासाठी एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तुम्ही सज्ञान आहात, सही तुमचीच लागते, नवऱ्याची नाही. आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांना कायद्यानंच बंधनकारक आहे.