गळ्याचे वेळापत्रक

चि. भाचीस,

ऑपेरा गायिकेची देशोदेशीची कारकीर्द कशी घडते, हे पाहायचे तर जोन सदरलंडचे चरित्र नीट अभ्यासावे. तिचा जन्म १९२६ चा, सिडनीचा. आई मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या मधल्या पट्टीच्या आवाजाची. ती रियाझाला बसली की मुलगी शेजारी बसून तिच्या दमसासाची नक्कल करी. रीतसर शिक्षण मात्र अठराव्या वर्षापर्यंत सुरू झाले नाही. कोवळा गळा ताणायचा नाही, हा आईचा दंडक. ऑपेरात परंपरेने ध्वनिवर्धक नसतो. सगळा वाद्यवृंद ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो श्वासाच्या बळावर, घसा ताणून नव्हे. म्हणून पाया घालताना घाई करू नये.

नोकरी सांभाळत, गायनस्पर्धा जिंकत ती १९५१ मध्ये लंडनला गेली. तिथल्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहाच्या चाचणीत आधी नकार मिळाला, १९५२ मध्ये प्रवेश. त्याच वर्षी मारिया कालास लंडनमध्ये प्रथमच ‘नॉर्मा’ गायली, तेव्हा नायिकेच्या सखीची, क्लोतिल्देची छोटीशी भूमिका सदरलंडकडे होती. अशा भूमिकेला कमी लेखू नये. थोर गायिका कुठे दम घेते, कुठे आवाज राखून ठेवते, हे रंगमंचावर तिच्या शेजारी उभे राहून जितके कळते तितके प्रेक्षागृहातून कळत नाही.

खरा पेच पुढे होता. आवाज भरदार, म्हणून संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतील नायिका हेच तिचे क्षेत्र असे मानले जाई. पियानोवादक रिचर्ड बॉनिंगला (त्याचा नि तिचा विवाह १९५४ चा) ते पटत नव्हते. तिच्या गळ्यातली तान आणि तारसप्तकातली सहजता त्याने हेरली होती. रियाझात तो तिला न सांगता पट्टी वर सरकवी, आणि आपल्याला झेपणार नाहीत असे तिला वाटत असलेले स्वर ती बिनदिक्कत गाऊन जाई. मोठ्या आवाजाने हलक्या, वेगवान ताना घेणे दुर्मीळ. तेच तिचे वैशिष्ट्य ठरले. गळ्याला काय साजते हे ओळखणारा असा जाणता कान जवळ असणे, हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे भाग्य.

१७ फेब्रुवारी १९५९ रोजी कोव्हेंट गार्डनमध्ये डोनिझेत्तीची ‘लुचिया दी लामेरमूर’ झाली. दिग्दर्शक झेफिरेल्ली, वाद्यवृंदाचे संचालक सेराफिन. लग्नाच्या रात्री नवऱ्याचा खून करून भ्रमिष्ट झालेली लुचिया रक्ताळलेल्या वस्त्रांत प्रवेशते आणि दीर्घ प्रवेश एकटी पेलते. त्या रात्रीने सदरलंडचे नाव झाले. १९६० मध्ये व्हेनिसने तिला ‘ला स्तुपेंदा’ (थक्क करणारी) म्हटले. १९६१ मध्ये मिलानचे ला स्काला आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन या ऑपेरागृहांत ती गायली. लंडनला आल्यापासून दहा वर्षे लागली, आणि ती लागणारच होती.

तिचे शब्दोच्चार अस्पष्ट आहेत, ही टीका मात्र अखेरपर्यंत झाली आणि ती रास्त होती. इटालियन, फ्रेंच, जर्मन उच्चारांचा अभ्यास म्हणूनच आरंभापासून करावा.

भूमिका नाकारणे हेही कौशल्यच. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली १९७२ मध्ये तिने ‘तुरान्दोत’ ध्वनिमुद्रित केली, आणि ते गाणे अप्रतिम आहे. तरी रंगमंचावर ही घसाफोड भूमिका तिने कधीच केली नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये सिडनीत ‘ले ह्युगेनो’ गाऊन तिने निरोप घेतला, तेव्हा ती चौसष्टीला आली होती.

तुझा,
मामा