पॅटरसनला जेवायला जाताना

जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यातून न्यू जर्सीत आलेल्या माणसाचे पहिले काही महिने ठरलेले असतात. ऑफिस, घर आणि शनिवारी एडिसनचा ओक ट्री रोड. तिथे डोसा मिळतो, चाट मिळते, किराणा मिळतो, आणि गाव सुटल्याचं फारसं जाणवत नाही. मग एक दिवस ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं, 'चला, पेरूवियन खाऊ.' मेन्यूकार्ड स्पॅनिशमध्ये, शेजारी सगळे ऑर्डर द्यायला तयार, आणि आपण सरळ फ्रेंच फ्राईज मागवून मोकळे होतो. हे टिपण त्या फ्राईजपासून वाचण्यासाठी आहे. इथे मुरलेल्या बऱ्याच वैदर्भी घरांना विचारून ते जमवलं. त्यातली काही घरं कांदा-लसूणही जपून खाणारी आहेत, तर काही सावजीवर पोसलेली. सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत ते त्यामुळे, आणि मी ते जुळवायला गेलो नाही.

आधी कुठे जायचं ते. मॅनहॅटनमध्ये महागडी, मंद दिव्यांची पेरूवियन हॉटेलं आहेत; ती कंपनीच्या खर्चाने बघावीत. स्वतःच्या पैशाने जायचं तर पॅटरसन. तिथल्या मार्केट स्ट्रीटच्या आसपासच्या भागाला लोक 'लिटल लिमा' म्हणतात, आणि २०१६ साली शहराने त्यातल्या एका भागाला 'पेरू स्क्वेअर' असं नावही दिलं. पेरूचं कॉन्सुलेटही याच गावात आहे. पेरूचे लोक इथे आले ते गिरण्यांमुळे. पॅटरसन हे रेशमाच्या गिरण्यांचं शहर, आणि गेल्या शतकाच्या मध्यानंतर कापडाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या पेरूच्या माणसांनी आपले भाऊबंद मागवून घेतले. हिंगणघाटच्या गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. होबोकन किंवा सिकॉकसहून न्यू जर्सी ट्रान्झिटची मेन लाइन थेट पॅटरसनला जाते आणि स्टेशन मार्केट स्ट्रीटवरच आहे. न्यूयॉर्कमध्ये राहत असाल तर क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स बरं. तिथल्या ७४व्या रस्त्यावर आपलं वाणसामान घ्यायचं आणि नंतर रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला जेवायचं.

आता मुद्द्याचं. या जेवणात जे मांस दिसतं त्याचा त्रास नाही, ते टाळता येतं. त्रास आहे तो न दिसणाऱ्याचा.

नुसतं 'कार्ने' लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा बीफ समजावं. 'रेस' म्हणजे बीफच, आणि 'लोमो' हा त्याचाच तुकडा. 'चांचो' किंवा 'सेर्दो' म्हणजे डुक्कर. 'अँतिकुचो' नावाच्या सळईवर भाजलेल्या तुकड्यांचा वास रस्त्यावरूनच ओढून घेतो. मिरची, जिरं आणि व्हिनेगर लावून कोळशावर भाजलेले ते तुकडे गाईबैलाच्या हृदयाचे असतात. 'काउ काउ' हे पिवळंधमक, बटाट्याच्या फोडींचं कालवण वाटतं, पण त्यात वजडी असते. मुलांना 'साल्चिपापास' फार आवडतात, कारण वर फ्राईज दिसतात. खाली सॉसेजचे तुकडे असतात, बीफचे किंवा डुकराचे. 'कुय' म्हणजे गिनिपिग. हा डोंगराळ भागातला मानाचा पदार्थ आहे. शेजारच्या टेबलावर आला तर फोटो काढत सुटू नये.

शाकाहारी माणसाने 'सोय वेहेतारियानो' एवढं म्हणून थांबू नये. लाल मांस नको एवढाच अर्थ काढून कोंबडीचा रस्सा आणून ठेवल्याचे अनुभव बहुतेकांकडे आहेत. म्हणून पुढचं वाक्य लगेच जोडायचं: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो.' मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. त्यानंतर दोन प्रश्न. सूप किंवा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का, आणि घेवडे डुकराच्या चरबीत परतलेत का. चरबीला तिकडे 'मांतेका' म्हणतात. तळणाची कढई सगळ्यांना एकच असते, हे मात्र गृहीत धरा. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी तळलेलं टाळावं. वाढप्याशी वाद घालून तेल बदलत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी तर आणखी सांभाळावं. हिरव्या चटणीत मेयोनीज असू शकतं, 'काउसा' या बटाट्याच्या पदार्थात असतं, आणि 'पिस्को सावर' या पेयावरचा पांढरा फेस म्हणजे अंड्याचा पांढरा बलक.

एवढं वाचून घाबरू नका. उपवासाच्या दिवशी आपण ज्यावर जगतो त्यातलं बरंचसं मूळचं अमेरिका खंडातलं आहे: बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा. कसावाला तिथे 'युका' म्हणतात आणि त्याच्या तळलेल्या कांड्या चटणीबरोबर देतात. बटाट्याची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७१ पासून लिमामध्ये आहे, आणि अँडीजमध्ये बटाट्याच्या हजारो जाती पिकतात. तेव्हा पहिल्या भेटीला बटाट्यापासूनच सुरुवात करा. 'पापा आ ला वांकायना' मागवा: उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या, त्यावर दूध, चीज, खारी बिस्किटं आणि 'अही अमारियो' ही मिरची वाटून केलेला दाट सॉस, वर एक काळं ऑलिव्ह आणि उकडलेलं अंडं. अंडं नको असेल तर 'सिन वेवो' म्हणा. त्या सॉसचा रंग बघून वायगावची हळद आठवेल, पण पिवळेपणा सगळा मिरचीचा. ती तिखट कमी आणि फळासारखी जास्त लागते. तिखटाची हौस असेल तर 'रोकोतो' आहे का विचारा. तिच्या बिया काळ्या असतात आणि ती भिवापुरी मिरची खाणाऱ्यालाही पाणी मागायला लावते. 'रोकोतो रेयेनो' मात्र मागवू नका, आत बहुधा बीफचा खिमा असतो.

'ताकू ताकू' म्हणजे उरलेला भात आणि घेवडे एकत्र करून तव्यावर खरपूस परतलेला गोळा. घरी रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, तोच धंदा. चरबीचा प्रश्न इथे नक्की विचारा. 'सोल्तेरितो' या सलाडमध्ये ओल्या वालासारख्या मोठ्या शेंगांचे दाणे, मका, कांदा आणि ताजं चीज असतं. तो बिनधास्त घ्या. फ्राईड राइसला तिथे 'चौफा' म्हणतात. १८४९ पासून पेरूच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या चिनी मजुरांची ती देणगी. भाज्यांचा करून मिळतो. अंडं आधीच नको म्हणून सांगा. सोया सॉस आणि फ्राईज एकाच कढईत घालणारा 'लोमो साल्तादो' त्याच घराण्यातला. बीफ नको असेल तर 'पोयो साल्तादो' म्हणा, तोच पदार्थ कोंबडीचा येतो.

कोंबडी खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. 'पोयो आ ला ब्रासा' ही भाजलेली कोंबडी इतकी पेरूवियन वाटते की ती एका स्विस माणसाने काढली यावर विश्वास बसत नाही. रॉजर शूलर १९५० च्या सुमारास लिमाजवळ सांता क्लारा इथे कोंबड्या पाळत होता. त्या विकल्या जाईनात म्हणून भाजून द्यायला लागला, आणि गिऱ्हाइकांची रांग लागल्यावर फ्रान्स उलरिख या आपल्या देशबंधूकडून त्याने खास यंत्र बनवून घेतलं. त्यात सळई स्वतःभोवतीही फिरते आणि मधल्या आसाभोवतीही, त्यामुळे सगळ्या बाजूंनी सारखा जाळ लागतो. पॅटरसनला काउंटरमागे हे यंत्र दिसेल अशी जागा पकडून बसा. कातडी फुगते, तांबूस होते, चरबी थेंबाथेंबाने खाली पडून निखारा फुरफुरतो. मसाल्यात जिरं, लसूण, सोया सॉस असतो आणि पुष्कळदा बिअरही. दारू वर्ज्य असलेल्या घरांनी हे विचारून घ्यावं. चौघांना एक पूर्ण कोंबडी, भात आणि सलाड पुरतं. हिरवी चटणी वेगळी मागवावी. 'आरोज कोन पोयो'चा भात सांबाराने (पुणेकरांनी कोथिंबीर वाचावं) हिरवागार झालेला असतो.

'सेविचे'बद्दल घराघरांत मतभेद आहेत. कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवून, लाल कांदा, मिरची, उकडलेलं रताळं आणि मोठ्या दाण्याचा मका यांच्यासोबत देतात. २०२३ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. लिंबाने मासा पांढरा होतो आणि शिजल्यासारखा दिसतो, पण तो शिजत नाही. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं आणि गावाहून आलेल्या आईवडिलांना तो देऊ नये, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. लिमाचे लोक तो दुपारी खातात. तुम्हीही दुपारीच, गर्दीच्या हॉटेलात खा.

पिण्याला 'चिचा मोरादा' घ्या. जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी आणि लवंग उकळून केलेलं थंड पेय, यात दारू नसते. 'चिचा दे होरा' मात्र आंबवलेली असते. १९३५ पासूनचा पिवळा 'इंका कोला' एकदा चाखावा. आम्हाला तो बबलगम विरघळवल्यासारखा लागतो, पण पोरं त्यावर तुटून पडतात. शेवटी 'पिकारोनेस'. रताळं आणि भोपळ्याचं सैल पीठ ओल्या बोटांनी उचलतात, अंगठ्याने मधे भोक पाडतात आणि तेलात सोडतात. वर पाक गुळाचाच असतो. 'चांकाका' म्हणतात त्याला.

आता पैशाचं. आपल्याकडे जाम चौरस्त्यावर कांदा-लिंबू फुकट असतं. इथे जादा चटणीचेही पैसे लागू शकतात. न्यू जर्सीत बिलावर ६.६२५ टक्के कर लागतो. त्या कराच्या आकड्याला तिनाने गुणा, झाली टिप; जवळपास वीस टक्के होतात. मोठा घोळका असेल तर टिप आधीच बिलात घातलेली असते, म्हणून कागद नीट वाचा. बिल कोण देणार यावरून काउंटरवर ओढाताण करू नका, वाढप्याला ते भांडण वाटतं. ज्याला द्यायचंय त्याने जेवण चालू असतानाच कार्ड देऊन टाकावं. उरलेलं डब्यात बांधून मागायला लाजू नका, 'पारा येवार' म्हटलं की झालं. दारूचा परवाना या राज्यात महाग आणि मोजका असल्याने पुष्कळ हॉटेलांत स्वतःची बाटली नेता येते. फोन करून विचारा.

पाहुणे आले असतील तर जेवणाआधी ग्रेट फॉल्स दाखवा. ७७ फुटांचा धबधबा गावातच आहे. जुलैचा तिसरा रविवार हा पेरूत भाजलेल्या कोंबडीचा दिवस आणि २८ जुलै हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवसांत मार्केट स्ट्रीटवर गाडी नेऊ नका, उभी करायला जागा मिळत नाही. ट्रेनने जा आणि बाराच्या आत पोहोचा.