फिरत्या दवाखान्याची बॅटरी : दोष कोठे शोधावा?

फिरत्या दवाखान्यातील लसींचे शीतकपाट वाहनाच्या दुसऱ्या बॅटरीवर चालत असल्यास, ती चार्ज न होणे ही गंभीर बाब ठरते. कारण बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवाव्या लागतात. तथापि, नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दर्शविते. इंजिन सुरू होताच हा आकडा साधारणतः १४ च्या आसपास जावयास हवा. तो न वाढल्यास अल्टरनेटरपाशी मोजणी करावी. तेथे दाब योग्य असेल, तर दोष मधल्या तारा, फ्यूज, रिले किंवा गंजलेल्या जोडांत असतो; तेथेही कमी असेल, तर पट्टा व अल्टरनेटर तपासावा. आकडा वाढूनही बॅटरी लवकर उतरत असेल, तरच ती बदलण्याचा विचार करावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जवळ ज्योत नेऊ नये.