'महाराष्ट्र केसरी' किताबाचा इतिहास : एक पाठ

पाठाचा हेतू. कुस्तीतील सर्वोच्च राज्य-किताबाची जन्मकथा मुलांस सांगणे; त्या अनुषंगाने राज्याचा नकाशा व कालक्रम यांचा सराव करून घेणे; आणि जय, पराजय व पंचाचा निर्णय यांविषयी त्यांना विचार करावयास लावणे.

पूर्वतयारी. महाराष्ट्राचा भिंतीवरील नकाशा, कालपट्टीसाठी दोरा व कागदाचे तुकडे.

प्रस्तावना. भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणारी राई, मुर्धा, मोर्वा ही गावे खाडीची व मिठागरांची. तांबड्या मातीचा आखाडा येथील प्रत्येक मुलाने पाहिलेला असेलच असे नाही. म्हणून पाठाचा आरंभ शब्दापासून करावा. केसरी म्हणजे सिंह. ज्याला 'महाराष्ट्र केसरी' म्हणावयाचे, तो साऱ्या राज्याच्या मल्लांत सिंह ठरला पाहिजे. हे ठरवावयाचे कोणी व कसे, हाच या पाठाचा मुख्य प्रश्न होय.

विषयविवेचन. पूर्वी मल्लाचा मोठेपणा राजाश्रयावर अवलंबून असे. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला व खासबागचे विस्तीर्ण मैदान बांधविले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि राजाश्रयाचा तो काळ सरला. आता मल्लाच्या पाठीशी लोकांनीच उभे राहावयाचे होते. त्याची प्रचीती लवकरच आली. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी येथील ऑलिंपिकला निघाले, तेव्हा पैशांची अडचण होती. ती लोकवर्गणीने व प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून दूर केली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका शिक्षकाने शिष्यासाठी घर गहाण टाकले, ही गोष्ट वर्गात सावकाश सांगावी.

पुढील वर्षी, १९५३ मध्ये, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १९६१ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील अधिवेशनात दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. अधिवेशन दरवर्षी निरनिराळ्या गावी भरे : १९६२ धुळे, १९६४ अमरावती, १९६९ लातूर, १९७१ अलिबाग, १९७४ ठाणे. त्यामुळे किताब एका शहराचा न राहता साऱ्या राज्याचा झाला. गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांनी तो प्रत्येकी दोनदा मिळविला. पुढे नरसिंग यादव व विजय चौधरी यांनी लागोपाठ तीनदा. कुस्तीचा निकाल न लागल्यामुळे काही वर्षी किताब कोणासही दिला गेला नाही, हेही मुलांस सांगावे. न जिंकलेला मान देऊ नये, हा धडा त्यात आहे.

किताबाची रीत. स्पर्धेचे माती व गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात आणि विजेत्यास चांदीची गदा मिळते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीस टेकविले म्हणजे तो चितपट; तसे न झाल्यास गुणांवर निकाल.

किताब दीर्घकाळ पुरुषांपुरताच होता. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली स्पर्धा झाली. तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलवर विजय मिळविला. कल्याण ठाणे जिल्ह्यातीलच. वर्गातील मुलींना हे आवर्जून सांगावे.

चर्चेसाठी दोन प्रसंग. पहिला : जानेवारी २०२० मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर व शैलेश शेळके यांची अंतिम कुस्ती झाली. दोघेही काका पवार यांच्याच तालमीतील. हर्षवर्धन अवघ्या एका गुणाने जिंकला आणि त्याने हरलेल्या मित्रास खांद्यावर उचलून घेतले. दुसरा : फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे पंचाच्या निर्णयावरून वाद झाला. एका मल्लाचे म्हणणे, आपले खांदे टेकलेच नव्हते. संतापाच्या भरात त्याने पंचास लाथ मारली. त्याच्यासह दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली.

दुसऱ्या प्रसंगी शिक्षकांनी घाईने उपदेश करू नये. पंचाचा निर्णय चुकूच शकत नाही, असे सांगणे खरे नव्हे. आणि निर्णय चुकला म्हणून हात-पाय उगारावा, हेही बरोबर नव्हे. दाद मागण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे व तोच चोखाळला पाहिजे, या निष्कर्षाप्रत मुलांनी स्वतः यावे.

स्वाध्याय.
१. वरील अधिवेशनांची गावे नकाशात दाखवा.
२. १९४९, १९५२, १९५३, १९६०, १९६१ व २०२३ या सालांची कालपट्टी करा.
३. गावातील वडीलधाऱ्यांस विचारून जुन्या मर्दानी खेळांची माहिती लिहून आणा.
४. एका वर्षी किताब कोणासही दिला नाही. हे योग्य की अयोग्य? कारण द्या.

शिक्षकांसाठी. शाळेच्या मैदानावर पंच शिक्षकच असतो. लंगडी वा कबड्डीत एखादे मूल 'गुरुजी, मी बाद नव्हतो' असे म्हणाले, तर त्यास गप्प न बसविता ऐकून घ्यावे. चूक झाली असल्यास सर्वांसमक्ष कबूल करावी. पंचावर विश्वास ठेवण्याचे शिक्षण मुलास तेथेच मिळते. पुस्तकातील पाठ त्यास केवळ जोड देतो.